वारशातील शिकारी रायफल : किंमत ठरते कशी?

मदन महल (जबलपूर) : आजोबांच्या काळातील दुनळी शिकारी रायफल लोखंडी कपाटात पडून आहे. परवानाधारकाचे निधन झाले आहे आणि वारसांपुढे दोन प्रश्न उभे आहेत. हे शस्त्र ठेवता येईल का, आणि विकायचे झाल्यास त्याचे किती पैसे येतील? मध्य भारतातील ज्या शहरांत शिकारीची परंपरा दीर्घकाळ नांदली, तेथील अनेक कुटुंबांना हे प्रश्न कधी ना कधी सोडवावे लागतात. परदेशातील लिलावांत अशा रायफलींना मिळालेल्या रकमा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतात. त्या वाचून घरातील शस्त्रही कोट्यवधींचे असेल, असा समज होतो. प्रत्यक्षात शस्त्रविक्रेता सांगतो तो आकडा ऐकून वारसांची निराशा होते.

या दोन आकड्यांतील अंतराचे कारण रायफलीच्या घडणीत क्वचितच असते. ते कायद्यात असते. दुर्मीळ वस्तूची किंमत ती विकत घेऊ शकणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते आणि भारतात ही संख्या शस्त्र कायद्याने मर्यादित केलेली आहे. त्यामुळे शिकारी रायफलीचे मूल्य काढताना कागदपत्रे, बोअर आणि खरेदीदाराची पात्रता या गोष्टींचा विचार आधी करावा लागतो. निर्मात्याचे नाव आणि कोरीव काम त्यानंतर येते.

जबलपूर आणि शिकारीची परंपरा

मदन महल हे नाव गढा येथील गोंड राजवटीची आठवण सांगणाऱ्या, टेकडीवरील प्राचीन वास्तूवरून पडले आहे. टेकडीच्या पायथ्याचा परिसर आणि इटारसी-जबलपूर लोहमार्गावरील स्थानक याच नावाने ओळखले जाते. मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूर येथे जोडले गेले. देशाच्या दोन्ही बंदरांशी थेट संबंध आल्याने सातपुडा, मंडला, बालाघाट आणि शिवनीच्या जंगलांत शिकारीसाठी जाणाऱ्यांचे जबलपूर हे एक प्रमुख ठाणे बनले. इंग्लंडमधून जहाजाने आलेल्या बंदुकांच्या पेट्या याच रेल्वेने मध्य प्रांतात पोहोचत. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचा मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरील प्रसिद्ध ग्रंथ १८७१ मध्ये प्रकाशित झाला. त्यानंतर या जंगलांची कीर्ती ब्रिटिश शिकाऱ्यांत अधिकच पसरली.

शस्त्रांशी या शहराचा दुसरा संबंध कारखान्यांचा आहे. तोफगाडा कारखाना म्हणजेच गन कॅरेज फॅक्टरी १९०४ मध्ये येथे स्थापन झाली. खमरिया येथील दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये सुरू झाला. आयुध निर्माणी मंडळाचे १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात सरकारी कंपन्यांत विभाजन झाले. त्यानंतर गन कॅरेज फॅक्टरी ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे, तर खमरियाचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेला.

मराठी कुटुंबांचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जबलपूर आधी सागरच्या मराठ्यांकडे आणि पुढे नागपूरकर भोसल्यांकडे होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांताची राजधानी नागपूर येथे असल्याने जबलपूरचे प्रशासन अनेक दशके नागपूरशी जोडलेले राहिले. राज्य पुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय जबलपूरला आले, तेव्हा नागपूरहून न्यायाधीश, वकील आणि कर्मचारीही येथे स्थायिक झाले. अशा घरांतील जुन्या शस्त्र परवान्यांवर प्रथम मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या अधिकाऱ्यांचे व नंतर मध्य प्रदेशच्या अधिकाऱ्यांचे शिक्के सापडू शकतात. मूल्यांकनाच्या दृष्टीने हे शिक्के महत्त्वाचे ठरतात, कारण शस्त्र किती वर्षे आणि कोणाच्या ताब्यात वैधरीत्या होते, याचा तो पुरावा असतो.

स्वातंत्र्यानंतरही काही काळ शिकार हा व्यवसाय होता. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी स्थापन केलेली नागपूरची ॲलविन कूपर ही कंपनी परदेशी शिकाऱ्यांसाठी मध्य भारतात सहली आयोजित करीत असे. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये संमत झाला. त्यामुळे मोठ्या बोअरच्या रायफलींचा मूळ उपयोग संपला. त्या वापराच्या वस्तू राहिल्या नाहीत, केवळ वारसा आणि संग्रहाच्या वस्तू झाल्या.

पहिली पायरी कागदपत्रांची

भारतातील खासगी शस्त्रांचे नियमन शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार होते. परवानाधारकाचे निधन झाले की त्याच्या नावाचा परवाना वारसाच्या उपयोगी पडत नाही. कायद्याच्या कलम २१ नुसार असे शस्त्र अनावश्यक विलंब न लावता नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा विहित अटींवर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. ठराविक मुदतीत त्याची वैध विल्हेवाट न लागल्यास ते सरकारजमा होऊ शकते. ‘वडिलांची आठवण’ म्हणून रायफल तशीच घरात ठेवणे हा गुन्हा ठरतो. अशा रायफलीला बाजारात किंमत राहत नाही, कारण ती कोणीही वैधरीत्या विकत घेऊ शकत नाही.

वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागण्याचा अधिकार आहे. त्यासाठी मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, वारसाहक्काचा पुरावा आणि अन्य वारसांची संमती ही कागदपत्रे जिल्हाधिकारी कार्यालयात सादर करावी लागतात. परवानाधारक हयात असतानाही, त्याने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केल्यास किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले असल्यास, वारसाच्या नावे परवाना मागता येतो. अनेक कुटुंबांना ही तरतूद ठाऊक नसते. तिचा वेळीच उपयोग केल्यास निधनानंतरची धावपळ टळते.

शस्त्रांच्या संख्येवरील मर्यादा ही त्यापुढील बाब. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणण्यात आली. ही दुरुस्ती १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली आणि अतिरिक्त शस्त्र जमा करण्यासाठी एक वर्षाची मुदत देण्यात आली. वारशाने मिळणाऱ्या परवान्यालाही हीच मर्यादा लागू आहे. याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. संख्येच्या मर्यादेचा परिणाम किमतीवर होणे स्वाभाविक होते. ज्यांच्याकडे तीन शस्त्रे होती त्यांना एक सोडावे लागले आणि ज्यांच्याकडे आधीच दोन आहेत ते खरेदीदारांच्या यादीतून वगळले गेले.

शस्त्राच्या बोअरवरही बरेच काही अवलंबून असते. सैन्याच्या वापरातील .३०३ सारखे बोअर भारतात प्रतिबंधित वर्गात मोडतात आणि त्यांचा परवाना जिल्हा पातळीवर मिळत नाही. याच निर्बंधामुळे ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसावर आधारलेला .३१५ बोअर भारतात रूढ झाला. ईशापूरच्या रायफल कारखान्याने या बोअरच्या शिकारी रायफली मोठ्या संख्येने तयार केल्या. कपाटातील रायफल .३०३ आहे की .३१५, एवढ्या एका फरकाने विक्रीचा मार्ग पूर्णपणे बदलतो.

ओळख : निर्माता, क्रमांक आणि बोअर

कागदपत्रांनंतर शस्त्राची अचूक ओळख पटवावी लागते. नळीवर आणि यंत्रणेवर निर्मात्याचे नाव, अनुक्रमांक, बोअर आणि चाचणीचे शिक्के कोरलेले असतात. ब्रिटनमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहे प्रत्येक नळीची परीक्षा करून त्यावर आपली मुद्रा उमटवीत. जुन्या ब्रिटिश रायफलींवर काडतुसातील कॉर्डाइट दारूचे आणि गोळीचे वजनही नोंदलेले आढळते. त्यावरून रायफल काळ्या दारूसाठी बनवली होती की नव्या धूरविरहित दारूसाठी, हे ठरवता येते. काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळीत नवे काडतूस वापरणे जिवावर बेतू शकते.

नळीवर कलकत्त्यातील मँटन, रॉडा किंवा लायन अँड लायन यांपैकी एखादे नाव असल्यास तो बहुधा विक्रेता असतो. या पेढ्या इंग्लंडमध्ये तयार झालेल्या रायफली आपल्या नावाने विकत. म्हणून नळीवरील नावावर विसंबून न राहता अनुक्रमांक आणि चाचणीचे शिक्के पाहणे आवश्यक असते. लंडनची हॉलंड अँड हॉलंड, मूळची डब्लिनची आणि पुढे लंडनला आलेली जॉन रिग्बी, तसेच बर्मिंगहॅमची वेस्टली रिचर्ड्स या जुन्या निर्मात्यांच्या विक्रीच्या वह्या आजही उपलब्ध आहेत. अनुक्रमांक आणि स्पष्ट छायाचित्रे पाठवून, शुल्क भरून, रायफल कोणत्या वर्षी आणि कोणासाठी तयार झाली याची माहिती मागवता येते. त्यासाठी शस्त्र देशाबाहेर पाठवण्याची गरज नसते.

भारताच्या संदर्भात काही बोअरांना विशेष इतिहास आहे. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने .४५० बोअरच्या रायफली आणि काडतुसे भारतात आणण्यावर बंदी घातली. त्या काळी असंतुष्ट गटांच्या हाती जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या आणि त्यांना त्याच व्यासाच्या गोळ्या मिळू नयेत, हा बंदीमागील हेतू होता. भारत ही शिकारी रायफलींची मोठी बाजारपेठ असल्याने निर्मात्यांनी तातडीने पर्यायी बोअर तयार केले. हॉलंड अँड हॉलंडचा .५००/.४६५ हा त्यांतील एक. जोसेफ लँग यांच्याशी संबंधित .४७० आणि वेस्टली रिचर्ड्सचा .४७६ हे बोअरही याच गरजेतून पुढे आले. त्यामुळे .४६५ किंवा .४७० बोअरची दुनळी रायफल हाती आल्यास ती १९०७ च्या सुमाराची किंवा त्यानंतरची आहे, असा प्राथमिक अंदाज बांधता येतो.

‘पॅराडॉक्स’ हा आणखी एक असामान्य प्रकार. कर्नल जॉर्ज फॉसबेरी यांच्या पेटंटवर आधारित ही बंदूक हॉलंड अँड हॉलंडने १८८५ पासून तयार केली. तिच्या नळीचा बहुतांश भाग गुळगुळीत असून केवळ तोंडाजवळच्या काही इंचांत आटे असतात. त्यामुळे एकाच शस्त्रातून छरे आणि गोळी दोन्ही झाडता येत. पक्षी आणि मोठे श्वापद एकाच फेरीत समोर येण्याची शक्यता असलेल्या भारतीय जंगलांत ती लोकप्रिय ठरली. तिला साधी बारा बोअरची बंदूक समजून अल्प किमतीत विकण्याची चूक घडू शकते.

मूळ स्वरूप आणि सद्यःस्थिती

एकाच निर्मात्याच्या, एकाच वर्षातील दोन रायफलींच्या किमतीत दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो. त्याचे कारण त्यांची स्थिती. संग्राहक सर्वप्रथम नळीचे अंतरंग पाहतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षारांमुळे नळीत गंज चढत असे आणि पावसाळी हवेत तो झपाट्याने वाढे. शिकारीवरून परतल्यावर नळी धुतली गेली नसेल, तर आत खड्डे पडलेले दिसतात. असे खड्डे नाहीसे करता येत नाहीत.

त्यानंतर लाकडी दस्ता तपासला जातो. कोरड्या उन्हाळ्यात आकसून आणि पावसाळ्यात फुगून दस्त्याला यंत्रणेलगत बारीक चिरा पडतात. दस्त्याचा मागील भाग कापून आखूड केलेला असणे, नंतर रबरी गादी बसवलेली असणे, मूळ नक्षी घासून पुन्हा कोरलेली असणे, हे सर्व बदल किंमत घटवतात. नळीवरील मूळ काळसर-निळी झाक विरळ झालेली असली तरी ती संग्राहकाला प्रिय असते. घासूनपुसून नव्याने चढवलेली चकाकी मात्र त्याला नकोशी वाटते. विक्रीपूर्वी रायफल ‘नवी’ करून घेण्याचा मोह त्यामुळे महागात पडतो.

यंत्रणेचा प्रकारही महत्त्वाचा आहे. हाताने घडवलेली, बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली साइडलॉक यंत्रणा साधारणपणे बॉक्सलॉकपेक्षा अधिक मोलाची समजली जाते. रिकामे काडतूस आपोआप बाहेर फेकणारी यंत्रणा असल्यास किंमत वाढते. ओक आणि चामड्याची मूळ पेटी, तिच्या झाकणातील निर्मात्याची छापील पट्टी, साफसफाईची अवजारे आणि तेलाची कुपी हे साहित्य अनेक घरांत अडगळीत टाकले जाते किंवा वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडते. परदेशी लिलावांत मात्र हे साहित्य संपूर्ण असल्यास रायफलीच्या किमतीत लक्षणीय भर पडते.

दोन बदल कायद्याच्या दृष्टीनेही गंभीर आहेत. परवान्याविना नळी आखूड करण्यास शस्त्र कायद्याने मनाई आहे. ओळखीचे क्रमांक वा खुणा पुसून टाकणे, तसेच अशा खुणा नसलेले शस्त्र विकणे यांनाही मनाई आहे. म्हणून क्रमांक पुसट झाला असल्यास आधी त्याबाबत परवाना अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करणे श्रेयस्कर. तपासणी परवानाधारक विक्रेत्याकडेच करून घ्यावी आणि ती होईपर्यंत अशा रायफलीतून एकही गोळी झाडू नये.

मालकाच्या नावाचे मोल

एखादे शस्त्र कोणी वापरले, याला संग्राहकांच्या जगात मोठे महत्त्व असते. अमेरिकी साहित्यिक अर्नेस्ट हेमिंग्वे यांची वेस्टली रिचर्ड्स निर्मित .५७७ बोअरची दुनळी रायफल २०११ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३९ हजार २५० डॉलरना विकली गेली. भारताशी थेट निगडित उदाहरण जिम कॉर्बेट यांचे आहे. त्यांची .४५०/४०० बोअरची, जेफ्री या निर्मात्याची दुनळी रायफल २०१५ मध्ये अमेरिकेतील लिलावात २ लाख ६४ हजार ५०० डॉलरना गेली. कुमाऊँमधील चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ मध्ये मारल्याबद्दल कॉर्बेट यांना संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट दिली होती. घडणीच्या दृष्टीने ती त्या कंपनीची नेहमीची रायफल होती, पण तिच्यावरील चांदीच्या पट्टीवर ही हकिकत कोरलेली आहे. रिग्बी कंपनीने २०१५ मध्ये ती स्वतःकडे घेतली.

या उदाहरणांवरून दोन बोध होतात. एक म्हणजे, नावाला मोल येते ते पुराव्यामुळे. ‘ही रायफल अमुक महाराजांनी आजोबांना दिली’ ही घरातील कथा कितीही खरी असली, तरी निर्मात्याच्या वहीतील नोंद, भेटीचे पत्र, परवान्यावरील अनुक्रमांक किंवा त्या काळचे छायाचित्र नसेल, तर खरेदीदार तिचे वेगळे पैसे देत नाही. दुसरे म्हणजे, प्रसिद्ध झालेल्या लिलावाच्या रकमेत खरेदीदाराने लिलावगृहाला द्यावयाचे शुल्क धरलेले असते. ती संपूर्ण रक्कम विक्रेत्याच्या हाती पडत नाही.

शिकारीच्या स्मृतिचिन्हांबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. रायफलीसोबत वाघाचे कातडे किंवा सांबराची शिंगे असल्यास सारे एकत्र विकून अधिक रक्कम मिळेल, असे काहींना वाटते. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा वस्तूंचा व्यापार निषिद्ध आहे. त्या मूल्यांकनात धरता येत नाहीत.

दोन बाजार, दोन किमती

विदेशी लिलावांचे आकडे भारतात जसेच्या तसे का लागू पडत नाहीत, याची तीन कारणे आहेत. शस्त्रांच्या निर्यातीसाठी शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो, हे पहिले. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ हे दुसरे. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वा कलात्मक महत्त्वाची वस्तू या कायद्याखाली पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेल्या यंत्रणेपुरता मर्यादित आहे. १९०७ ते १९२० या काळात घडलेल्या रायफलींनी शंभरी ओलांडली आहे. लंडनमधील संग्राहक कितीही रक्कम देण्यास तयार असला, तरी जबलपूरची रायफल त्याच्यापर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य असते.

तिसरे कारण काडतुसांचे. मोठ्या बोअरची काडतुसे बनवणाऱ्या ब्रिटनच्या किनॉक कंपनीने १९६० च्या दशकात हे उत्पादन थांबवले. पुढे त्याच नावाने ते परदेशात पुन्हा सुरू झाले, तरी भारतातील सामान्य परवानाधारकाला ती काडतुसे मिळणे अतिशय कठीण आहे. झाडता न येणाऱ्या रायफलीसाठी आपल्या दोनपैकी एक जागा खर्च करण्यास फारच थोडे खरेदीदार तयार होतात.

याच परिस्थितीची दुसरी बाजू लक्षणीय आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रे आयात करण्यावर कडक निर्बंध आले. त्यामुळे देशात आधीपासून असलेली आणि काडतूस सहज मिळणारी विदेशी शस्त्रे महाग झाली. चेकोस्लोव्हाकियात बनलेली .२२ बोअरची ब्रनो रायफल परदेशात सर्वसामान्य समजली जाते. भारतात मात्र तिला मोठी मागणी असते आणि ती परदेशातील किमतीच्या अनेक पटींनी विकली जाते. दुर्मीळ दुनळी रायफलीला ग्राहक मिळण्यास वर्षे लागू शकतात, तर साधी ब्रनो काही दिवसांत विकली जाऊ शकते. दुर्मीळता आणि विक्रीयोग्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचे हे बोलके उदाहरण होय.

आकडा काढण्याची रीत

उदाहरणादाखल मदन महल परिसरातील एका कल्पित कुटुंबाचा विचार करता येईल. नागपूरहून १९५६ मध्ये उच्च न्यायालयासोबत आलेल्या वकील आजोबांच्या तीन वस्तू घरात आहेत : .५००/.४६५ बोअरची दुनळी रायफल, ईशापूरची .३१५ रायफल आणि बारा बोअरची बंदूक. परवान्यासाठी अर्ज करणारा वारस एकच आहे. त्याला दोनच शस्त्रे ठेवता येतील. कोणते शस्त्र सोडायचे, हे ठरवण्यासाठी त्याला प्रत्येकाचे खरे मूल्य कळणे आवश्यक आहे.

दुनळी रायफलीबाबत तो प्रथम परदेशातील तुलना करतो. त्याच निर्मात्याची, त्याच दर्जाची आणि त्याच बोअरची रायफल लिलावात १०० या रकमेस गेली, असे समजू. या रकमेत २० टक्के खरेदीदार शुल्क अंतर्भूत असेल, तर हातोडा पडला तो भाव सुमारे ८३ ठरतो. विक्रेत्याकडून १५ टक्के दलाली घेतली गेल्यास त्याच्या हाती सुमारे ७१ उरतात. घरातील रायफलीच्या नळीत गंजाचे खड्डे आहेत आणि दस्ता कापलेला आहे. त्यासाठी ३० टक्के वजा केल्यास आकडा ५० च्या आसपास येतो. म्हणजे निर्यात शक्य असती, तरीही वृत्तपत्रात वाचलेल्या रकमेच्या निम्मीच रक्कम मिळाली असती. निर्यात शक्य नसल्याने हा आकडा विमा, वारसांतील वाटणी किंवा केवळ माहितीसाठी उपयोगी आहे. विक्रीची अपेक्षा त्यावर बांधता येत नाही.

भारतातील किंमत काढताना गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागते. दोन-तीन वेगवेगळ्या शहरांतील परवानाधारक विक्रेत्यांकडे त्याच प्रकारची रायफल अलीकडे प्रत्यक्षात कितीला विकली गेली, याची चौकशी करावी लागते. विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि व्यवहार झालेली किंमत यांत मोठा फरक असतो. दुसरीच किंमत ग्राह्य धरावी. विक्रेता स्वतः विकत घेणार असेल तर त्याचा नफा आणि शस्त्र पडून राहण्याचा काळ धरून तो कमी रक्कम देतो. त्याच्यामार्फत ग्राहक शोधल्यास रक्कम वाढते, पण वेळ लागतो आणि ठेवणावळीचा खर्च येतो. शेवटी एकच आकडा न सांगता किमान, संभाव्य आणि कमाल अशा तीन आकड्यांत मूल्यांकन मांडणे योग्य ठरते. मूल्यांकन करणारा स्वतःच खरेदीदार असल्यास दुसऱ्याचे मत घेणे अपरिहार्य आहे.

या चौकशीनंतर वारसाला जे दिसते ते प्रथमदर्शनी अनपेक्षित वाटेल. ईशापूरच्या .३१५ रायफलीला काडतूस मिळते, ग्राहकही मिळतात आणि पुढे गरज पडल्यास तशी रायफल पुन्हा विकत घेता येते. दुनळी रायफल आज विकल्यास तिच्या घडणीच्या मोलाचा लहानसा अंश हाती येईल आणि ती पुन्हा कधीही मिळणार नाही. म्हणून ‘सर्वांत मौल्यवान ती विकावी’ हा सरधोपट विचार येथे तोट्याचा ठरतो. विकण्यास सोपे असलेले शस्त्र सोडून दुर्मीळ शस्त्र राखणे अधिक शहाणपणाचे. पात्र वारस एकाहून अधिक असतील, तर प्रत्येकाने स्वतंत्र परवान्यासाठी अर्ज करून संग्रह कुटुंबातच ठेवता येतो.

विक्रीचे वैध मार्ग

खासगी वापराचे शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकण्यास कायद्याची परवानगी आहे. मात्र विक्रीचा इरादा आणि खरेदीदाराचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखांना लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. खरेदीदाराच्या परवान्यावर त्या प्रकारच्या शस्त्राची परवानगी आहे का, हे आधी पाहणे विक्रेत्याच्या हिताचे असते. ओळखीच्या माणसाला ‘विश्वासावर’ रायफल देऊन नंतर कागद करू, असा व्यवहार केल्यास दोघेही अडचणीत येतात.

ज्यांना शस्त्र वापरात ठेवायचे नाही, पण वस्तू सोडवत नाही, त्यांच्यासाठी आणखी एक तरतूद आहे. जुन्या बनावटीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त असे जे शस्त्र दुरुस्तीनंतरही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला कलम ४५ नुसार परवान्यातून सूट मिळू शकते. मात्र शस्त्र या वर्गात बसते का, याचा निर्णय स्वतः न घेता अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावा लागतो. चालू स्थितीतील रायफल केवळ या सवलतीसाठी निकामी केली, तर तिचे संग्रहमूल्य जवळजवळ नाहीसे होते आणि हा बदल पूर्ववत करता येत नाही. ऐतिहासिक महत्त्व सिद्ध होत असल्यास संग्रहालयाला देणगी देण्याचा पर्यायही विचारात घेता येतो. त्यासाठीही परवाना अधिकाऱ्यांची मंजुरी आवश्यक असते.

जुन्या शिकारी रायफलीचे मूल्यांकन म्हणजे कागद, क्रमांक, बोअर, स्थिती, पुरावा आणि बाजार यांची याच क्रमाने केलेली तपासणी होय. हा क्रम उलटा केला आणि लिलावाच्या बातमीपासून सुरुवात केली, की अंदाज चुकतो. परवाना हयातीतच वारसाच्या नावे करून घेणे, मूळ पेटी आणि जुनी पत्रे जपून ठेवणे, निर्मात्याकडून नोंदीचा दाखला मागवणे आणि नळी कोरडी व तेलाने माखलेली ठेवणे, या चार गोष्टींना फारसा खर्च येत नाही. कुटुंबाकडे आलेल्या वस्तूचे मोल टिकते ते मुख्यतः याच गोष्टींमुळे.